डबल पोल

"मेन बंद होता, खोलीतली बटणं बंद होती, तरी माझ्या पोरीला झटका बसलाच कसा?"

आई वायरमनवर अशी तुटून पडली होती, जणू त्यानेच भिंतीत वीज कोंबली होती. भिंगरी शेजारी उभी राहून कोपर चोळत होती. आजोबांच्या खोलीतलं तुटकं बटण बदलायला ती स्वतःच स्टुलावर चढली होती, आणि स्टुलासकट खाली आली होती. नववीत विजेच्या धड्याला पैकीच्या पैकी, आणि घरात ही फजिती!

वायरमनने जुना मेन उघडला आणि चुकचुकला. "हा सिंगल पोल आहे, वहिनी. तारा दोन असतात, एक वीज आणते, दुसरी परत नेते. हा एकच तोडतो. कुठे तारा उलट्या झाल्या असतील, तर मेन पाडूनही बोर्डात वीज राहते. डबल पोल लावू. दोन्ही तारा एकदम तुटतील."

"लावा. आत्ता लावा!"

तासाभरात नवा मेन बसला. वायरमनने तो खाली पाडला. आजोबांच्या खोलीतला पंखा गरगरत थांबला.

"बघा, झालं काम."

पण थांबला तो एकटा पंखाच नव्हता. भिंतीपलीकडून दिवसभर ऐकू येणारी शिलाई मशीनची घरघरही एकदम थांबली.

वायरमनने मेन वर केला. घरघर सुरू. खाली. बंद. वर. सुरू.

आईचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला. "अच्छा! म्हणजे बाईसाहेबांचं मशीन आमच्या जिवावर चालतं होय?"

भिंतीपलीकडे काकू राहायची, आईची थोरली जाऊ. तीन वर्षांपूर्वी एका घराची दोन झाली, मधे भिंत आली. भांडी वाटली, कपाटं वाटली, आजोबा धाकटीकडे आले. तेव्हापासून अबोला. काका गेल्यावर काकू शिवणकामावर पोट भरत होती.

"वहिनी, लगेच चोरी म्हणू नका," वायरमन म्हणाला. "जुनी परतीची तार सामायिक राहिली असेल. ती तुटली की दोन्हीकडचं थांबतं, वीज कुणाचीही असो..."

"तुम्ही तारा बघा, माणसं मी बघते!"

आई तरातरा काकूच्या दारात पोचली. मागे भिंगरी, तिच्यामागे हातात टेस्टर घेतलेला वायरमन. काकू दारातच उभी होती, गळ्यात टेप.

"तीन वर्षांत सासऱ्यांसाठी इकडची काडी तिकडे केली नाहीत," आई कडाडली, "आणि आमची वीज बरी चालते! मी वीज कंपनीत तक्रार करणार. तुमची लाइन तुटेल तेव्हा बसा हाताने टाके घालत!"

भिंगरीलाही काकूचा राग आला होता. चोर ती चोर, वर दारात ताठ उभी!

काकूने वायरमनकडे पाहिलं. "जुना मेन परत बसवता येईल?"

"ऐकलंत?" आई म्हणाली. "जुना हवाय म्हणे! चोरी लपत होती ना त्यात!"

"लाइन तोडायची तर तोड, धाकटे. पण आज ऊन फार आहे. दुपार उतरू दे."

"ऊन माझ्या डोक्यात गेलंय! सरका. तुमचा मेन पाडते. तरीही एक दिवा जळत राहिला, तर तुमची चोरी उघड!"

काकूने तिचा हात धरला. शांत काकू एवढी घट्ट धरू शकते, हे भिंगरीला माहीत नव्हतं. "हात लावू नकोस त्याला. पाया पडते तुझ्या."

"आता पाया पडता? आमची पोर स्टुलावरून पडली तेव्हा कुठे होतात?"

काकूचा चेहरा पांढरा पडला. "झटका भिंगरीला बसला? कुठल्या खोलीत?"

आईने हात सोडवून घेतला आणि काकूचा मेन खाडकन खाली पाडला.

शिलाईच्या खोलीतला दिवा विझला. मशीनचा दिवा विझला. कुठेच काही जळत राहिलं नाही. वायरमन डोकं खाजवू लागला. आई रागाने वर-खाली पाहत राहिली, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून, आईच्याच घरातून, आजोबांची हाक आली.

"थोरले, पंखा थांबला गं!"