खाऱ्या मातीतला गहू

गहू उभा राहिला. मिठानं पांढऱ्या पडलेल्या ज्या जमिनीत दहा वर्षं साधं गवत तग धरत नव्हतं, तिथं चांगला मांडीएवढा वाढला, ओंब्याही भरल्या. बीबीझादा म्हातारी बांधावर उकिडवी बसून नुसती बघत राहिली.

नुकुस शहरातल्या प्रयोगशाळेतली आयसानेम ओंब्या खुडून पिशव्यांत भरत होती. एरवी मोजूनमापून बोलणारी पोरगी, आज तिचं तोंड थांबत नव्हतं. "आपा, गव्हाचंच एक जनुक कापून दुरुस्त केलंय. बाहेरचं काही घातलं नाही. आता त्याची मुळं मीठ आत घेतच नाहीत."

"माझ्यापेक्षा शहाणा निघाला म्हणायचा," म्हातारी म्हणाली. "मीठ सोड म्हणून डॉक्टर मला सांगून थकला."

तिचा एकुलता एक मुलगा ओरिनबाय गाव सोडताना म्हणाला होता, या मातीत काही उगवलं तर कळव, दुसऱ्या दिवशी हजर होतो. त्या एका शब्दावर तिनं सहा वर्षं काढली होती. तिनं पदराला हात पुसून फोन लावला.

"उगवलं रे. गहू. मांडीला लागेल एवढा."

पलीकडं, तो कामाला होता त्या अक्ताऊच्या बंदरातली घरघर. "छान झालं, आई." "पोरं इथं रुळलीत गं. तिथं खेळतील कुणाबरोबर? तूच ये ना इकडं."

"बरं," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला वाटलं, गहू जळून गेला असता तर बरं झालं असतं. निदान वाट तरी बघता आली असती.

ती घरात गेली. दुपारी बाहेर आली ती ताटात तेलात तळलेल्या सात पोळ्या घेऊन. गेलेल्या माणसाच्या नावानं दर शुक्रवारी अशा सात तळायच्या आणि सात घरी द्यायच्या. ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली. दारं कुलपात होती. दोन घरांची तर दारंही मालकांनी उखडून नेली होती. शेवटी ताट घेऊन ती आयसानेमपाशीच येऊन बसली.

"आज तर मंगळवार आहे, आपा. कुणाच्या नावानं केल्यात?"

"गावाच्या." म्हातारीनं पहिली पोळी तिच्या हातावर ठेवली. "खा. सातही तुलाच संपवायच्यात."