मोदकाच्या कळ्या

संकष्टीला आई मुलुंडच्या आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसली होती. आजीसारखीच तिचीही बोटं संधिवाताने वाकडी झालेली, म्हणून मोदक मी वळत होते.

“गंधाली, हे मोदक आहेत की मोमो? एक कळी धड नाही. आळशी कुठची!” मग शेजारच्या जयंतीकाकूंना हळूच म्हणाली, “असू दे. आमच्या घरचं हे दुखणं माझ्यापाशीच थांबलं, हिच्यात नाही उतरलं.”

मी नुसती हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती झोपेतून उठलीच नाही.

वर्षश्राद्धानंतरच्या पहिल्या संकष्टीला तिच्या फोटोपुढे तसलेच मोदक ठेवले.



“आळशी नव्हते गं, आई. माझीही बोटं तेव्हाच वळेनाशी झाली होती.”