चौतीस पायऱ्यांचं तळघर

"कितव्या पायरीवर आहेस?" बार्नाबाश मास्तरांनी तळघराच्या दारातल्या बाकावरून हाक दिली.

"दहाव्या," खालून त्यांची मुलगी शारोल्ता म्हणाली. "ज्योत बारीक होतेय, बाबा."

"मेणबत्ती गुडघ्याशी धर. आंबणाऱ्या रसाचा वायू जड, खाली साचतो. छातीशी धरून उतरणारे दोन शहाणे आपल्या आळीतून गेलेत."

शारोल्ताने मेणबत्ती गुडघ्याशी धरली आणि फुंकर मारून विझवली.

"विझली, बाबा."

"आणि चुन्याची निवळी?"

"बघते."

तिने कोटाच्या खिशातून नळी काढली, निवळीच्या पेल्यात बुडवली आणि हळूहळू फुंकू लागली. त्या वायूने निवळी दुधी होते आणि उच्छ्वासातही तोच वायू असतो, हे तिला सातवीच्या वर्गात खुद्द बाबांनीच शिकवलं होतं. मागच्या रविवारी घाबरून ती इतका वेळ फुंकत राहिली की दुधी झालेली निवळी पुन्हा नितळ झाली. मग पेला हातातून निसटला म्हणून सांगावं लागलं. आज ती वेळेवर थांबली.

उन्हाळ्यात मास्तरांच्या हृदयाने दगा दिला होता. पुन्हा ही चौतीस पायऱ्यांची चढउतार केली तर वाचणार नाहीत, असं डॉक्टरने स्पष्ट बजावलं होतं. पण डॉक्टर त्यांचाच नापास विद्यार्थी, त्याचं कोण ऐकतो? मास्तर मानायचे ते फक्त वायूला. द्राक्षांचा रस आंबत असेतो, दारात कोणी राखणीला असल्याशिवाय तळघरात पाऊल टाकायचं नाही आणि मेणबत्ती विझली तर कोणीच उतरायचं नाही, हा आळीचा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता. शारोल्ताने तोच नियम हाताशी धरला. पूर्वी फक्त ईस्टरला आणि नाताळला येणारी ही पोरगी ऑक्टोबरपासून दर रविवारी पेच शहराहून बसने येत होती.

ती वर आली. मास्तरांनी पेला उजेडात धरला.

"अगदी दुधासारखी. म्हणजे रस अजून जोरात आंबतोय. बुडबुड ऐकू येते का?"

"येते ना. सगळी पिंपं नुसता कालवा करतायत."

"यंदा थंडी लवकर पडली. सावकाशच चालणार."

"मग पुढच्या रविवारी पुन्हा बघू. तोवर तुम्ही एकट्याने..."

"मला काय वेड लागलंय? आण तो खसखशीचा गोड रोल इकडे. आणि या वेळेला मनुका घातल्यास का, का नुसताच मैदा?"

दोघं बाकावर बसून खात राहिली. सगळ्या आळीला आंबूस वास येत होता. ज्या माणसाने आयुष्यात एकाही पोराला फुकटचा मार्क दिला नाही, त्याला आपण दर आठवड्याला फसवतोय, याची शारोल्ताला मनापासून लाज वाटत होती. पण बाबा त्या पायऱ्यांवर कोसळलेले तिला नको होते. खोटं बोलावं लागलं तर ती वर्षभर बोलली असती.

चारच्या बसने ती गेली. बस वळणाआड होईपर्यंत मास्तर हात हलवत उभे होते.

मग शेजारच्या तळघरातला वेंडेल हात पुसत आला. तोही मास्तरांचाच विद्यार्थी.

"मास्तर, तुमच्या द्राक्षांचा रस आंबून केव्हाच निवळला. आता तुमची पिंपं परत आणून ठेवू का? सप्टेंबरपासून माझ्याच तळघरात आहेत."

"राहू दे की तिकडेच. रस आंबतोय तोवर पोर दर रविवारी येते."

"आणि शारोल्ताने खाली रिकामं तळघर पाहिलं तर?"

मास्तरांनी बाकावर उरलेला रोलचा शेवटचा घास तोंडात टाकला आणि शांतपणे चावला.

"नाही पाहत ती," ते म्हणाले. "दहाव्या पायरीच्या खाली एकदाही उतरलेली नाही."