सिनेमातली सासू

“लग्नानंतर खेळायला घरातून कुणाचाच विरोध नव्हता?” खो-खोपटू विमलवर सिनेमा काढायला आलेल्या दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. “मग पडद्यावर दाखवायचं काय?”

सिनेमा हातचा जातोय म्हटल्यावर विमलच्या सासूबाई, शेवंताबाई, चहाचा ट्रे ठेवून पुढे सरसावल्या. “मी केला म्हणून दाखवा. छळात काही कमी ठेवू नका.”

वर्षभरानं थिएटरात त्या सुनेशेजारी नवं लुगडं नेसून ऐटीत बसल्या. पडद्यावरच्या सासूनं सुनेला उपाशी ठेवलं, खोलीत कोंडलं. मागची बाई कडाडली, “मेलीला धरून बडवायला पाहिजे!”

“बडवाच!” शेवंताबाईंनी मागं वळून दुजोरा दिला आणि तिच्या हातावर शेंगदाणे ठेवले. विमलनं हसू दाबायला तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात पडद्यावरच्या सासूनं सुनेचे कोरे बूट उचलले आणि पेटत्या बंबात कोंबले. सगळं थिएटर सुन्न झालं. शेवंताबाई मात्र ताडकन उठल्या.

“अगं ए भवाने, बूट नको!” त्या पडद्याकडे बोट रोखून ओरडल्या. “दुकानदाराशी भांडून तिच्या मापाचे बदलून आणलेत मी ते!”