तुपाची धार

नवल जेवायला बसला तो नेमका बापाच्या पाटावर. तापीबाईचं चुलीतलं लाकूड सारणं थांबलं.

चुनीलाल वर्षापूर्वी याच पाटावर जेवता जेवता कलंडला होता. घास तोंडातच राहिला होता. तेव्हापासून तिथे कुणी बसलं नव्हतं.

नवल सकाळीच नंदुरबारहून छाती तपासून आला होता. डॉक्टरने बजावलं होतं, तूप कमी करा, फळं खा, पालेभाज्या खा. तापी नदीच्या काठाला घरची केळीची बाग होती. पण केळी गाड्या भरून बाहेर जायची, ताटात कधी आली नव्हती.

आज तापीबाईने ताटात मेथी वाढली होती, दोन केळी ठेवली होती. नवलने मेथीची वाटी बाजूला सरकवली.

"पाला ढोरे खातंस, माय."

तापीबाईच्या अंगावर काटा आला. शब्द तेच. आवाजही चुनीलालचाच. या बोलण्यावर ती उभा जन्म हसली होती, भाजी उचलून ठेवत आली होती आणि वर तूप ओतत आली होती.

नवलची बायको रंजनाबाई कढत तुपाचं भांडं घेऊन पुढे झाली. "थोडं टाकी देस. त्यास्ले कोरडं उतरत नही."

नवलकडे बघून ती हसली. भांडं कललं.

तापीबाईला सुनेचं मनगट दिसेना. हिरव्या बांगड्यांचं तिचं स्वतःचं मनगट दिसू लागलं, असंच मायेने कललेलं. आणि पाटावर बसलेला चुनीलाल आणखी तूप मागत होता, "आखो टाक."

तिने झेप घेतली आणि धारेखाली हात धरला.

"माय!" नवल ओरडला. "काय करी ऱ्हायनी तू?"

तापीबाईने हात मागे घेतला नाही. तळवा लालभडक झाला होता. ती सुनेकडे बघत होती.

"तुन्हा सासराले मी आसंच वाढे. रोज." तिचा आवाज अगदी हळू होता. "मन्हं जे व्हयनं, ते तुन्हं नको व्हवाले, बाई."

नवलने मेथीची वाटी जवळ ओढली आणि मान खाली घालून खाऊ लागला.

रंजनाबाईने भांडं जमिनीवर ठेवलं. मग हिरव्या बांगड्यांचे आपले दोन्ही हात तिने पदराखाली लपवले.