गॅसची टेस्ट

“पाण्याची टेस्ट पास झालीये ना? मग सही ठोक आणि गाडी सोड!” प्रॉडक्शनचे शेखर सर माझ्यावर खेकसले. चाकणच्या आमच्या कारखान्यात तपासणीचं काम माझ्याकडं होतं आणि हा व्हॉल्व्ह भरसमुद्रातल्या तेलविहिरीवर बसणार होता. तिथं खडकात अडकलेलं तेल ढकलायला याच व्हॉल्व्हमधून काही महिने पाणी दाबून सोडतात, मग काही महिने गॅस, मग पुन्हा पाणी. जिथून पाण्याचा थेंब गळत नाही, तिथूनही गॅस निसटतो. म्हणून मी गॅसच्या टेस्टशिवाय सही देत नव्हते. “बारा वर्षं व्हॉल्व्ह पाठवतोय मी. कालची पोरगी मला अक्कल शिकवणार?” हातातलं सर्टिफिकेट त्यांनी माझ्यापुढं आपटलं. “काही होत नाही व्हॉल्व्हला!” “मग असं करू, सर,” मी म्हणाले. “गॅस भरताना व्हॉल्व्ह फुटलाच तर, म्हणून आपण सगळे काँक्रीटच्या भिंतीआड थांबतो. आज तुम्ही व्हॉल्व्हला टेकून उभे राहा. समुद्रावरच्या माणसांना कुठं भिंत असते? पाच मिनिटं थांबलात, की डोळे झाकून सही करते.” “भर गॅस! बघतोच तुला,” म्हणत ते तरातरा जाऊन व्हॉल्व्हपाशी उभे राहिले. मी भिंतीआड गेले आणि गॅसच्या चावीवर नुसता हात ठेवला. “भरतेय, सर!” मी ओरडले. बूट धाडधाड वाजले. दुसऱ्याच क्षणी शेखर सर माझ्या शेजारी, भिंतीला पाठ लावून धापा टाकत होते. मी त्यांना प्रेशरचा काटा दाखवला. तो शून्यावरच होता.