पाहुण्यांचं वायफाय

मानिसालेस शहरातल्या कॉफी कंपनीत मालकाला सगळे मानाने ‘डॉक्टर’ म्हणत. जन्मात कुणाची नाडी धरली नव्हती त्याने. सकाळीच हिशेबनीस एदिल्माला तडकाफडकी कामावरून काढलं, तिचं इंटरनेट तोडलं आणि वर लाडात म्हणाला, “एदिल्माबाई, जाता जाता कराचं विवरणपत्र तेवढं भरून टाका हं. बारापर्यंतच मुदत आहे.” “कसं भरू? तोडलंत ना!” “पाहुण्यांचं वायफाय आहे की! घ्या पासवर्डची चिठ्ठी रिसेप्शनवरून.” तिथल्या मैत्रिणीने नजर चुकवत, नियमाप्रमाणे इतर पाहुण्यांसारखं तिचंही ओळखपत्र ठेवून घेतलं आणि तासाभराची चिठ्ठी दिली. तिच्यावर डॉक्टरचा आवडता पासवर्ड: ‘आपणसारेएककुटुंब’. एदिल्मा फिस्सकन हसली. पाहुण्यांच्या सोफ्यावर ऐसपैस बसून तिने काळी कॉफी मागवली, मग दुसरी. बारानंतर डॉक्टर धापा टाकत आला. “भरलं का?” “कुटुंबातली असते तर भरलं असतं, डॉक्टर.” तिने चिठ्ठी त्याच्या हातावर ठेवली. “पाहुणीला कुणी कामाला जुंपतं का?”